मोरींतून गेलेलें पाणी कोणाचें?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या मातोश्री प्रभूमध्यें निजल्या. त्यांच्या उशाशीं औषधांचा डबा राहिला होता. घरांत लहान मुलें, कोणी कांहीं खाऊन बसेल, ह्या भीतीनें आम्हीं त्या गोळ्या पाण्यांत विरघळवून मोरींत ओतल्या. मोरीचें पाणी ओहोळास मिळतें, ओहोळ खाडीस व खाडी समुद्रास, हें आम्हांस ठाऊक होतें; परंतु त्या डब्याशीं त्याचा कांहीं संबंध असेल, हें मनांत आलें नाहीं.

पुढें अमेरिकेंतील एक हकीगत वाचनांत आली. तेथील ऑरेगन राज्याच्या किनाऱ्याचें पाणी पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनीं तपासून २०१२ सालीं निष्कर्ष छापले. पाण्यांत कॅफीन, म्हणजे चहाकॉफींतलें झोंप उडविणारें द्रव्य, सांपडलें. आपण पितों त्यांतलें बहुतेक शरीर जिरवितें, थोडें लघवीवाटे जातें; शिवाय उरलेला चहा आपण ओततोंच. नवल हें कीं, सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रांजवळ तें कमी आढळलें, आणि वस्तीपासून दूरच्या कांहीं ठिकाणीं अधिक, लिटरास ४४.७ नॅनोग्रामपर्यंत. घरोघरचे सेप्टिक टँक ह्यास कारण असावेत, असा तर्क निघाला. तेव्हां, वाचकहो, हें पाप शहरवाल्यांचें, आम्ही खेडवळ निर्मळ, असें म्हणण्यास जागा उरली नाहीं.

एका ग्रामचे शंभर कोटी भाग करावे, त्यांतला एक म्हणजे नॅनोग्राम. इतक्यानें काय होणार? परंतु खडकांस चिकटून राहणारे शिंपले त्यांनीं तशा पाण्यांत ठेविले, तेव्हां त्या जीवांच्या पेशींवर ताण पडल्याची खूण दिसली.

मग दोष कोणाचा? रोगी गोळी घेतो व तिचा अंश त्याच्या देहांतून बाहेर जातो. त्यास दोषी म्हणणारा निर्दय होय. म्हातारीच्या हातांतला सकाळचा चहाही आम्ही काढून घेणार नाहीं. आमच्या डब्याची गोष्ट निराळी. त्या गोळ्यांनीं कोणाचेंच दुखणें हरलें नाहीं. अर्ध्या तर स्वस्त मिळतात म्हणून आम्हीं जास्त घेतलेल्या. आमचा वांटा लहान, ही सबबही चालत नाहीं. शेजाऱ्याचा बांध दरवर्षीं बोटभर कोरणारा हेंच म्हणतो.

मुलांविषयींची भीती मात्र खोटी नव्हती. एकच मात्रा पोटांत गेली तरी मुलाचा घात करतील अशीं औषधें आहेत, आणि २०२५ सालीं भारत सरकारच्या औषध-नियंत्रण खात्यानें अशा १७ औषधांविषयीं, तीं संडासांत सोडावीं, असेंच सांगितलें. जवळचें मूल कीं दूरचा शिंपला, असा प्रश्न आला तर आम्हीही मुलासच निवडूं. पण मातोश्रींच्या गोळ्या साध्या रक्तदाबाच्या होत्या, आणि कुलुपाची पेटी घरांतच होती.

त्यांच्या खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली मागाहून पलंगाखालीं सांपडली. ती त्याच पेटींत ठेविली आहे. येत्या बाजाराच्या दिवशीं तालुक्याच्या औषधवाल्यास, तो ती परत घेईल काय, असें विचारणार आहों.