फळीच्या खालचा घाट

‘घाट कुठवर आला?’ असं कुणी विचारलं की मी तोंडाने उत्तर देत नाही, फोटो पाठवतो. बोगद्याची दगडी कमान, तिच्यावरचं हिरवट शेवाळ, कमानीतून अर्धं डोकं बाहेर काढलेलं इंजिन. लगेच ‘वा, क्या बात है’ येतं. विचारणाऱ्याला उत्तर मिळाल्यासारखं वाटतं, मलाही दिल्यासारखं वाटतं. पण घाट कुठवर आला आहे, हे त्या फोटोत कुठेच नसतं. इंजिन तिथे चालत आलेलं नसतं. मी ते हाताने उचलून ठेवलेलं असतं.

याला खोटं म्हणायचं का? अलीकडे हा प्रश्न मला रात्री माळ्यावरचा दिवा बंद करताना पडतो. छंदाच्या बाबतीत एवढी चिरफाड कशाला, असंही वाटतं. कुणाचं काही बुडवलेलं नाही, कुणाला फसवून पैसे घेतलेले नाहीत. पण मन एकदा टोचायला लागलं की ते पोटापाण्याचं काम आणि छंद यांत फरक करत नाही.

माझ्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर आहे तो भोर घाट, आणि तोही जुना. खंडाळ्याजवळ तेव्हा रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी चढून यायची, कड्याच्या टोकाशी थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. कड्यावर वळण घ्यायला जागाच नव्हती, म्हणून काढलेली ही युक्ती. 1863 मध्ये घाट सुरू झाल्यापासून ती चालली आणि 1929 मध्ये नवा मार्ग झाल्यावर बंद झाली. मी ती पाहिलेली असणं शक्य नाही. डेक्कन क्वीनच्या खिडकीतून मंकी हिलच्या आसपास बाहेर बघताना वडील सांगायचे, तेवढीच.

आता हा घाट प्रमाणात बसवायचा म्हटलं तर काय होतं पाहा. माझं प्रमाण 1:87. मूळ चढण सुमारे 25 किलोमीटरची, म्हणजे मला 290 मीटर लांब खोली लागेल. मूळ उंची 1831 फूट, म्हणजे माझ्या माळ्याला 21 फुटांचं छत हवं. माळा बारा फूट लांब आहे आणि एका बाजूला पाण्याची टाकी आहे. तीव्रता मात्र मी मूळ घाटात सर्वांत जास्त होती तेवढीच ठेवली आहे, 37 ला 1. बारा फुटांत जेमतेम चार इंच चढ. बघणाऱ्याला तो सपाटच वाटतो, इंजिनाला मात्र बरोबर कळतो.

याहून मोठी तडजोड रुळांतच आहे. बाजारात या प्रमाणाचे रूळ मिळतात ते साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटरच्या गेजवर बेतलेले आहेत. आपलं ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर. त्याला 87 ने भागलं तर सव्वाएकोणीसच्या पुढे जातं. म्हणजे माझ्या घाटातली प्रत्येक गाडी, भारतातल्या बहुतेक छांदिष्टांच्या गाड्यांप्रमाणेच, जवळजवळ तीन मिलिमीटर अरुंद रुळांवर धावते. वरून डबा, खालून गेज, दोन वेगळ्या देशांचे. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही. या तडजोडीने माझी झोप कधी उडाली नाही. ती जाहीर आहे, मोजून कळणारी आहे, आणि तिच्यामुळे मी कामात कुठे अंग चोरलेलं नाही. मला टोचतं ते वेगळंच.

लेआउटमध्ये दोन प्रकारची कामं असतात. एक फळीच्या वरचं. थर्माकोल कापायचा, त्यावर औषधाच्या दुकानातलं प्लास्टरचं बँडेज ओलं करून पसरायचं, सह्याद्रीचा काळा दगड रंगवायचा, वापरलेली चहापूड वाळवून ती माती म्हणून भुरभुरायची. खडी टाकणं तर मला फारच आवडतं. दगडाची बारीक कच चाळून घ्यायची, मऊ ब्रशने स्लीपरांच्या मधे बसवायची, पाण्याचा फवारा मारायचा आणि पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून ते सिरिंजने कडेकडेने सोडायचं. साबण नसेल तर फेविकॉलचा थेंब कचेवर पाऱ्यासारखा उभा राहतो, साबण असेल तर आत मुरतो. दुसऱ्या दिवशी बोट फिरवलं की सगळं घट्ट. या कामात संध्याकाळ कशी जाते कळत नाही, आणि फोटो छान येतो.

दुसरं काम फळीच्या खालचं. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला वायर डाखायची आणि ती खालच्या मुख्य वायरीला जोडायची, कारण रुळांच्या नुसत्या जोडांवर विजेचा भरवसा ठेवता येत नाही. ते जोड हळूहळू ढिले पडतात. पुण्याच्या उन्हाळ्यात रूळ लांबतो, म्हणून फटी सोडायच्या. पावसाळ्यात प्लायवूड ओल धरतं, म्हणून खालून रंग द्यायचा. रुळांवर काळपट पापुद्रा चढतो, तो स्पिरिटच्या फडक्याने पुसत राहायचा. आणि बँकर! कर्जतहून वर येणाऱ्या गाडीला मागून ढकलायला इंजिन लागतं, तसंच माझ्या गाडीलाही. दोन्ही इंजिनांच्या डिकोडरमधले आकडे बदलत बदलत त्यांचा वेग जुळवायचा. मागचं जरा जोरात गेलं तर वळणावर मधला डबा रुळाबाहेर उडतो, जरा मागे राहिलं तर पुढच्याची चाकं जागेवर फिरतात. पाठीवर झोपून, डोळ्यात डाखाचा धूर घेत, मानेला रग लागेपर्यंत हे करायचं. त्याचा फोटो निघत नाही.

कोणतं काम आधी, याचं उत्तर कुठलाही नवशिक्या सांगेल. आधी वायर, मग चाचणी, मग खडी. मी मात्र रिव्हर्सिंग स्टेशनची खडी टाकून बसलो आहे आणि तिथली अर्धी वायरिंग बाकी आहे. नकळत झालं असतं तर बोलायला नको होतं. मला ठाऊक होतं. शनिवारी मित्राला काहीतरी पाठवायचं होतं, आणि त्या आठवड्यात वायरीच डाखल्या असत्या तर पाठवायला काही नव्हतं. कामाचा क्रम बघणाऱ्याच्या डोळ्यांनी ठरवला, आणि तो बघणारा ठाण्यात बसलेला. त्याने कधी काही मागितलंही नव्हतं.

मग एकदा मी मनाशी ठरवलं की खरं काय ते दाखवायचं. फळीखाली आडवा झालो आणि लोंबत्या वायरींचा फोटो काढून पाठवला. ‘हे खरं काम,’ असं खाली लिहिलं. त्याला बोगद्याच्या कमानीपेक्षा जास्त दाद मिळाली. ‘किती प्रामाणिक!’ असं एकाने म्हटलं. मला बरं वाटलं, आणि किती बरं वाटलं ते लक्षात येऊन ओशाळलोही. त्या फोटोसाठी मी दोन वायरी थोड्या जास्त गुंतलेल्या दिसतील अशा सोडल्या होत्या. पसाराही नटवता येतो. प्रामाणिकपणा हाही एक चांगला कोन निघाला, उजेडासह.

एवढ्या छोट्या गोष्टीचं एवढं ओझं का वाटावं, याचं कारण बहुधा घाटातच आहे. या घाटाबद्दल वाचलं की आधी जेम्स बर्कले या मुख्य अभियंत्याचं नाव येतं, मग ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल, जो 1859 मध्ये इथे पोहोचून काही दिवसांतच दगावला, आणि त्याच्यामागे ठेका निभावून नेणारी त्याची पत्नी अ‍ॅलिस. तिची गोष्ट मलाही सांगायला आवडते. 25 बोगदे, उंच पूल, सगळं सांगायला आवडतं. 1861 च्या सुमाराला इथे 42,000 हून अधिक माणसं एका वेळी राबत होती, हे मात्र मी एका दमात सांगून पुढे जातो. ट्रेडवेलच्या आधीच्या ठेक्यात मजुरी थकली म्हणून मजुरांनी दंगा केला होता. पटकी आणि तापाने माणसं हजारोंनी गेली. फोटो पुलाचा निघतो. ज्यांनी खाली कातळ फोडला त्यांची बाजू फळीखालच्या वायरीसारखी, गाडी तिच्यावरच चालते आणि ती कुणी बघत नाही. ही तुलना करताना मला संकोच वाटतो. माझी मान दुखते, त्यांचे जीव गेले. म्हणून ती इथेच सोडतो.

तरी लेआउटवर माणसं हवीत, असं वाटायला लागलं. 1860 चे मजूर ठेवता येत नाहीत, माझ्या लेआउटचा काळ 1920 नंतरचा आहे, आणि मेलेल्यांना शोभेला उभं करणं मला जमलं नसतं. पण घाटात तेव्हाही रोज चालणारी माणसं होती आणि आजही आहेत. रुळाच्या चाव्या ठोकत जाणारा चावीवाला, पावसाच्या आधी कड्यावरचे सैल दगड खाली पाडणारे गँगमन. तयार मिळतात ती माणसं युरोपातली, कोट-हॅटवाली. ब्लेडने हॅट तासायची, पुट्टीचा कण लावून त्याचं मुंडासं करायचं, पँटवर पांढरा रंग देऊन धोतर. भिंगाखाली टाचणीच्या टोकाने खांद्यावर हातोडा बसवताना श्वास रोखावा लागतो.

रंगवून झालेला पहिला गँगमन सुकायला म्हणून रुळांवर आडवा ठेवला. साडेपाच फुटी माणूस म्हणजे नेमके 1676 मिलिमीटर, आपल्या ब्रॉडगेजएवढाच. खऱ्या घाटात तो दोन रुळांच्या मधे बरोबर मावला असता. माझ्या रुळांवर त्याचे पाय बाहेर लोंबत होते. सबंध लेआउटमध्ये प्रमाणाला धरून असलेला तो एकटाच.

बायको चहा घेऊन वर आली होती. तिने वाकून बघितलं. ‘अहो, एवढी मेहनत करून यांना त्या मागच्या कड्याखाली ठेवणार? चष्मा लावूनही दिसायचे नाहीत.’ मी म्हटलं, खऱ्या घाटात ते तिथेच असतात. ती म्हणाली, ‘खऱ्या घाटात तुम्ही त्यांना बघितलंय का कधी?’ बघितलं नव्हतं. बघत होतो ते दरी आणि धबधबे.

ही माणसं पुढच्या कडेला, लेआउटवरच्या पुलाच्या समोर ठेवायची तर पुलाचा तो एक कोन, जो सगळ्यांना आवडतो, तो गेला. फोटोत पुलाच्या मधोमध यांच्या पाठी येणार. दोन्ही जागी ठेवून, दिवा लावून बघितलं. वायरिंगची उरलेली बाजू आधी पुरी करायची आहे, तोवर ती काडेपेटीत आहेत, कापसावर. फेविकॉल अजून लावलेला नाही.