पुण्य कुणाच्या खात्यात?

बँकेत पैसे कोणीही भरो, स्लिपवर ज्याचे नाव त्याच्याच खात्यात ते जमा होतात. वीस वर्षे मी हा नियम लोकांना सांगत आलो. गेल्या डिसेंबरात गिरनारवर तो माझ्याच अंगाशी आला.

दत्तपादुकांपर्यंत सुमारे १०,००० पायऱ्या! २०२० पासून अंबाजीपर्यंत रोप-वे आहे. पण ‘पाळण्यात बसून कसलं आलंय पुण्य?’ असं सौभाग्यवतींना ऐकवून मी पहाटेच्या थंडीत निघालो. शंभर पायऱ्यांत गुडघ्यांनी संप पुकारला. मुकाट्याने उतरून डोली ठरवली. भाडे वजनावर! काट्याचा आकडा पाहून डोलीवाले गप्प झाले, मी मात्र घासाघीस करून शंभर रुपये कमी करून घेतले.

वर मी मफलरमध्ये कुडकुडत होतो, खाली ते घामाने निथळत होते. पायऱ्या त्यांच्या, दर्शन माझे. मग पुण्य कुणाचे? स्लिपवर तर माझेच नाव!

परतताना पायथ्याच्या वाटेवर अशोकाचा शिलालेख पाहिला. सेवकांशी नीट वागावे, हे त्यात सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच कोरून ठेवलेय. मागे वळलो, तर डोलीवाले पुढचे गिऱ्हाईक घेऊन चढणीला लागलेले.

शंभराची ती नोट अजून पाकिटात आहे. तेवढी एक नोंद काही केल्या जुळत नाही.