पाच चिंचोके

सातपुड्याच्या पायथ्याशी, वारी भैरवगडजवळ वान नदीवर धरण आहे. कागदोपत्री त्याचं नाव हनुमान सागर. त्याचं पाणी ८४ खेडी योजनेतून अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांना प्यायला जातं. पूर्णा नदीच्या अंगाला असलेल्या या गावांत विहीर खणली तर पाणी लागतं, पण खारं. त्यात डाळ शिजत नाही आणि तोंडात धरवत नाही. खारपाणपट्टा म्हणतात तो हाच.

या पट्ट्यातल्या एका गावी (नाव कशाला हवं, गोष्ट आहे) एक माणूस नळयोजनेचं मूल्यमापन करायला आला. हातात चार पानी कागद, त्यात रकाने.

सरपंचांना वाटलं, पुढच्या हप्त्याची चावी याच्याच खिशात आहे. त्यांनी नवी रंगवलेली टाकी दाखवली, चहा पाजला आणि पुन्हा टाकी दाखवली. ग्रामसेवकांच्या लेखी तो एक कागद होता, सही झाली की सुटलो. गेल्या वर्षीची फाईल काढून त्यांनी आकडे तयारच ठेवले होते. नळ सोडणारा गडी मात्र घाबरला. हा आपलं पोट मारायला आला, अशी त्याची खात्री झाली. काहीही विचारा, तो म्हणे, "सारं बराबर हाय साहेब."

संध्याकाळी मारुतीच्या पारावर माणसं जमली. पाहुण्याने खडूने पाच चौकोन काढले: पैसा कुठं गेला, पाइप नकाशाप्रमाणे आहे का, पाणीपट्टी कोण बुडवतं, पाणी गोड आहे का, आणि पाणी येतं कधी. प्रत्येकाच्या हातात पाच चिंचोके दिले. "जे आधी तपासावं वाटते, त्या चौकोनात टाका."

पैशाच्या चौकोनात ढीग झाला. हरलेल्या पॅनेलचे लोक नेमके पुढे बसले होते. पाणीपट्टीतही बरेच पडले, कारण ज्यांची भरलेली होती ते बुडव्यांकडे बघत बघत टाकत होते. पाणी कधी येतं, या चौकोनात एकच चिंचोका होता. तोही कोणाच्या तरी हातून घरंगळत गेलेला.

पाहुण्याने आकडे लिहून घेतले. गावाने आपला प्राधान्यक्रम ठरवला, असं त्याला वाटलं. तो निघणार, तोच पाराच्या मागच्या घरातली एक बुढी दारात येऊन म्हणाली, "काय खेळून राह्यले भाऊ?"

त्याने सांगितलं.

"मंग आमचे चिंचोके कुठी हायत?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बुढीच्या ओट्यावर बाया जमल्या. चौकोन तेच, चिंचोके तेच. या खेपेला 'कधी' या चौकोनाची रेघही दिसेना. मग एकेक बाई बोलू लागली. नळ पाचव्या दिवशी येतो, तोही रात्री दोन-अडीचला. एक सून म्हणाली, "रातभर ड्रम भरा आन् सकाळी उशीर झाला तं मुकादम घेत नाई. कापूस वेचाचा रोज बुडते आमचा." टाकीत पाणी होतं, पाइप नकाशाप्रमाणे होता, पाणी गोड होतं. कागदातला एकही रकाना खोटा नव्हता. फक्त नळाच्या वेळेचा रकाना त्यात नव्हता.

नळ सोडणारा गडी भिंतीआड उभा होता. बायांना त्याला काढायचं नाही, वेळ बदलायची आहे, हे कळल्यावर त्याचं तोंड उघडलं. वरून पाणी रात्रीच येतं, आणि टाकीत साठवून सकाळी सोडायचं तर व्हॉल्व्ह गळतो, सकाळपर्यंत टाकी अर्धी होते. व्हॉल्व्ह बदला म्हणून त्याने दोनदा सांगितलं होतं. भीती होती तोवर सारं बराबर होतं, भीती गेली तेव्हा गळका व्हॉल्व्ह सापडला.

पाहुण्याने बुढीला विचारलं, "काल पारावर हे कोणीच कसं बोललं नाही?"

"कालचे लोक रातच्याले झोपलेले असतात बापा. ज्याले जे खुपते, तो तेच मोजाले सांगते. तुमी इचारसान कोणाले, त्यावर हाय सारं."

हे खेड्यापुरतं नाही. जलयुक्त शिवार अभियानात सरकारी तक्ते किती कामं झाली, किती गावं 'जलपरिपूर्ण' झाली हे मोजत होते. २०२० मध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा अहवाल विधिमंडळात आला. कॅगने पाण्याची गरज भागली का आणि भूजल वाढलं का, हे विचारलं, आणि ९ हजार ६०० कोटींहून अधिक खर्चूनही फारसा फरक नाही असं लिहिलं. दोघांचे रकाने वेगळे, त्यामुळे उत्तरंही वेगळी. मग कोण खरं यावर कितीतरी दिवस भांडण चाललं. रकाने कोणी आखले, हे मात्र फारसं कोणी विचारलं नाही.

तर आपला पाहुणा. त्याने दोन्ही दिवसांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले, कोणत्या दिवशी कोण बसलं होतं ते वर टाकलं, आणि बेरीज केली नाही. ग्रामसेवक म्हणाले, सरासरी काढा, साहेबांना एकच आकडा लागतो. सरपंच म्हणाले, बायांचा कागद वेगळा जोडा, मागे. पाहुण्याने दोघांचं ऐकलं आणि कागद होता तसाच ठेवला. व्हॉल्व्हची ओळ पहिल्या पानावर घेतली.

सही-शिक्के होत होते तेवढ्यात ओट्याच्या कडेला बसलेला एक माणूस खाकरला. वरच्या अंगाचा, धरणाच्या कालव्यावर शेती असलेला. सोयरिकीसाठी आला होता.

"तुमी लोकायनं वाटून घेतलं सारं. पन हे पानी येते कोठून? आमच्या कालव्याच्या वाट्यातून. आमाले कोनं देल्ले चिंचोके?"

ओट्यावर गलका झाला. वानचं पाणी शेताला की प्यायला, हा तेल्हाऱ्यातला जुना वाद. बाळापूर तालुक्यातल्या गावांसाठी ते राखून ठेवलं तेव्हा इथले शेतकरी रस्त्यावर उतरले होते. सरपंच तडकले, "योजना आमची हाय, त्यायले काय इचारता?" ज्या बुढीने काल स्वतःसाठी चिंचोके मागितले होते, तीही आता सरपंचांच्या बाजूने बोलू लागली.

पाहुण्याने उरलेले चिंचोके रुमालात बांधले आणि त्या शेतकऱ्याला विचारलं, "तुमच्या गावाला आत्ता एसटी आहे का?"

"एसटी सकाळीच गेली. गाडी हाय माही, बसा मांगं," शेतकरी म्हणाला. "पन आधीच सांगतो, तिथं पाच-पाच चिंचोक्यायत भागनार नाई."