रिकाम्या कलशाचा धनी कोण?

मनुष्याने सुंदर वस्तूंचा संग्रह करावा की करू नये, हा प्रश्न वरवर पाहता आवडीनिवडीचा वाटतो. किंचित खोल गेल्यास तो धर्माचाच प्रश्न आहे असे दिसून येते. आम्ही राहतो त्या ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरम वसाहतीत काही सुखवस्तू घरांच्या बैठकीतून जुन्या इटालियन बनावटीच्या, झिलईदार मातीच्या फुलदाण्या दिसू लागल्या आहेत. त्यांत बहुधा फूल नसते, पाणीही नसते. घरातील वडीलधारी माणसे विचारतात, "रिकामे भांडे दर्शनी ठेवून काय साधले?" तरुण मंडळी उत्तर देतात, "शोभा साधली." दोन्ही पक्ष आपापल्या परीने प्रामाणिक आहेत. वकिलीच्या सवयीमुळे आम्हांस निकालाची घाई न करता दोहोंची बाजू ऐकून घेणे इष्ट वाटते.

इटलीचे वेड ग्वाल्हेरला नवे नाही. १८७४ साली पूर्ण झालेला जयविलास महाल जयाजीराव शिंदे यांनी मायकेल फिलोझ यांजकडून बांधविला, आणि हे फिलोझ घराणे मूळचे इटालियन. तेथील दरबार दालनाच्या प्रचंड झुंबरांचा भार छताला पेलेल की नाही हे पाहण्यासाठी छतावर हत्ती चढविल्याची कथा येथील लहान मूलही सांगते. १९६४ मध्ये त्या महालाचा काही भाग संग्रहालय म्हणून खुला झाला आणि एके काळी निवडक पाहुण्यांनाच दिसणारे वैभव तिकीट काढणाऱ्या कोणाच्याही दृष्टीस पडू लागले. एकाच वस्तूचे भोगातून लोकदर्शनात झालेले हे संक्रमण वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे प्रयोजन पडेल.

ज्या वस्तूविषयी वाद आहे ती काय आहे, हे आधी पाहिले पाहिजे. इटलीत मायोलिका नावाची जी कला पंधराव्या-सोळाव्या शतकांत बहरास आली, तिची रीत अशी. भाजलेल्या मातीच्या भांड्यावर कथिलाच्या भस्माने पांढरी केलेली झिलई चढवितात. ती सुकली की तिजवर कुंचल्याने चित्र काढतात आणि मग भांडे पुन्हा भट्टीत घालतात. कोरडी झिलई रंग तत्काळ शोषून घेते. म्हणून एकदा उमटलेली रेघ पुसता येत नाही. फाएन्झा, देरुता, गुब्बिओ ही गावे या कामासाठी ख्यातनाम झाली. १५५७ च्या सुमारास चिप्रियानो पिकोलपास्सो याने या विद्येवर ग्रंथ लिहिला. त्यात माती, रंग व भट्टी यांचे बारीकसारीक वर्णन तर आहेच, परंतु भट्टी पेटविण्यापूर्वी ईश्वराची मनोभावे प्रार्थना करावी असेही त्याने सांगितले आहे. आपल्याकडील कुंभाराला यात काहीच परके वाटणार नाही. आज घरोघर दिसणाऱ्या फुलदाण्या मात्र बहुतांशी इतक्या जुन्या नव्हेत. त्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, मोन्तेलुपोसारख्या गावांतील कारखान्यांच्या. त्यांच्या तळाशी पुष्कळदा हाताने रंगविलेले 'इटली' हे अक्षर आणि एक आकडा एवढेच असते. घडविणाऱ्याचे नाव नसते.

आता फिर्यादी पक्ष. अपरिग्रह हे आपल्या धर्मातील एक व्रत आहे. गरजेपेक्षा अधिक जवळ बाळगणे म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचे अडवून ठेवणे, असा त्याचा आशय. शिवाय आपल्या परंपरेत घटाला मान आहे तो भरलेपणामुळे. घटस्थापनेचा घट पाण्याने भरलेला, मंगलकार्यातील पूर्णकुंभ आम्रपल्लवांनी सजलेला, कोंकणी घरातील कळसो पाण्याने ओथंबलेला. आणि परदेशी फुलदाणीपायी सहस्रावधी रुपये वेचणारा गृहस्थ दिवाळीच्या पणत्या घेताना दारातल्या कुंभाराशी चार आण्यांसाठी घासाघीस करतो, हेही आम्ही पाहिले आहे. हा आरोप खोटा म्हणता येत नाही.

बचाव पक्षाचे म्हणणेही दुबळे नाही. निरुपयोगी ते सर्व त्याज्य, असे मानले तर अंगणातील रांगोळी त्याज्य ठरेल, देवळाच्या शिखरावरील कोरीव काम त्याज्य ठरेल. पोट भरल्यावर मनुष्याला जे हवेसे वाटते त्यातूनच संस्कृती उपजते. डोळ्यांना मिळणारे समाधान हे पाप असते तर देवाला अलंकार घालण्याची रीत आपल्या पूर्वजांनी चालू ठेवली नसती.

मग दोष कोठे आहे? आमच्या मते तो वस्तूत नाही आणि सौंदर्याच्या आवडीतही नाही. तो धनीपणाच्या कल्पनेत आहे. सारस्वतांच्या कवळे मठाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या श्रीगौडपादाचार्यांनी मांडूक्यकारिकांत घटाकाशाचा दृष्टान्त योजिला आहे. घटातील आकाश घटामुळे वेगळे भासते. घट फुटला तरी त्या आकाशाचे काही फुटत नाही. घट फोडून टाका, असे आचार्यांनी सांगितलेले नाही. घटालाच सर्वस्व समजू नका, एवढाच त्याचा इत्यर्थ. संग्रह करणाऱ्याची परीक्षा येथेच होते.

ती परीक्षा प्रत्यक्षात कशी येते पाहा. एक गृहस्थ आमच्याकडे सल्ल्यासाठी आले. केर काढताना मोलकरणीचा धक्का लागून त्यांची एक जुनी इटालियन फुलदाणी फुटली होती, आणि तिची किंमत त्या बाईच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापता येईल काय, असा त्यांचा प्रश्न होता. बाईचे कित्येक महिन्यांचे वेतन त्यात गेले असते. आम्ही त्यांस म्हटले, "कायद्याचे मागाहून पाहू. आपण त्या फुलदाणीचे धनी होता की ती आपली धनीण होती, हे आधी ठरवा." ते काही वेळ स्तब्ध बसले आणि पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. जिच्या फुटण्याने माणसाची माणुसकी फुटते ती वस्तू कितीही सुंदर असो, त्या घराला ती परवडणारी नाही.

धनीपणाची दुसरी बाजू न्यायाची. १९३० च्या मालविक्री कायद्याचे मूलतत्त्व असे की विक्रेत्याला स्वतःला जो हक्क आहे त्याहून अधिक हक्क तो सामान्यतः गिऱ्हाइकास देऊ शकत नाही. हे तत्त्व कलावस्तूंच्या बाजारात किती सहज विसरले जाते याचे उदाहरण इटलीनेच दिले आहे. युफ्रोनिओस या ग्रीक चित्रकाराने इसवी सनापूर्वी सुमारे ५१५ साली रंगविलेला एक भव्य कलश न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९७२ मध्ये दहा लक्ष डॉलरांस विकत घेतला. तो रोमजवळील चेर्वेतेरी येथील थडग्यातून चोरट्यांनी उकरून काढला होता, असे पुढे उघडकीस आले. दीर्घ वादानंतर २००८ साली तो इटलीस परत गेला. एवढ्या मोठ्या संस्थेलाही 'हे आले कोठून?' या प्रश्नाचे उत्तर अखेर द्यावेच लागले. आपल्याकडेही १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तूंच्या व्याख्येत येऊ शकते, आणि ती देशाबाहेर पाठविण्याचा अधिकार केंद्र शासनाने स्वतःकडे व आपण अधिकार दिलेल्या संस्थांकडे ठेविला आहे. याचा अर्थ इतकाच की जुन्या वस्तूचा आजचा मालक हा तिच्या दीर्घ प्रवासातील एका टप्प्याचा राखणदार होय. जयविलास महालाचे दालन लोकांस खुले झाले, त्यात हेच तत्त्व अनुस्यूत आहे.

म्हणून आमचा निवाडा संग्रहाच्या विरुद्ध नाही. तो सशर्त आहे. जी वस्तू घरी आणाल तिची उत्पत्ती व प्रवास जाणून घ्या. चौकशी नको असे ज्या सौद्यात वाटते तो सौदा सोडून द्या. घरी आणल्यावर ती कुलूपबंद ठेवू नका. येणाऱ्या-जाणाऱ्यास दाखवा, मुलांना तिची कथा सांगा. शक्य असेल तर तिच्यात सणावारी चार फुले ठेवा, म्हणजे वडिलांच्या आक्षेपासही मान दिल्यासारखे होईल. परदेशातील अनामिक कारागिराच्या हाताचे कौतुक करताना आपल्या गल्लीतील कुंभाराला त्याचे मोल पुरतेपणी द्या; नाहीतर ते कौतुक कलेचे नसून केवळ दूरपणाचे ठरेल.

संत गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेऊन संतमंडळींची मस्तके पारखली आणि कच्चे मडके कोणते ते सांगितले, ही कथा मराठी माणसास ठाऊक आहे. जुन्या भांड्यांचे जाणकारही फुलदाणीवर हलकेच टिचकी मारतात. नाद खणखणीत आला तर ती अभंग, बद आला तर कोठेतरी तडा आहे असे समजतात. आपण बैठकीत मांडलेली प्रत्येक शोभिवंत वस्तू अशीच रोज आपणांवर टिचकी मारीत असते. उमटणारा नाद कसा येतो, तेवढे मात्र ज्याचे त्याने कान देऊन ऐकावे.