पुठ्ठ्याचा मुखवटा आणि ठेवीचा न्याय

केंब्रिजच्या डाउनिंग स्ट्रीटवर विद्यापीठाचं पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्राचं संग्रहालय आहे. १८९८ साली पुठ्ठ्यातून घडवलेला मालो-बोमाई या देवाच्या विधीचा मुखवटा या संग्रहातला. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीत मेर नावाचं चिमुकलं बेट आहे; तिथल्या माणसांनी तो केला, आणि केला तो कॅमेऱ्यासाठी. सप्टेंबर १८९८ मध्ये केंब्रिजच्या आल्फ्रेड कॉर्ट हॅडन यांनी हाताने फिरवायच्या सिनेमॅटोग्राफवर त्या बेटावरचे नाच टिपले. त्यातली जेमतेम चार-साडेचार मिनिटं आज शिल्लक आहेत. मानववंशशास्त्रज्ञाने प्रत्यक्ष लोकांत जाऊन घेतलेलं हे बहुधा जगातलं पहिलं चलच्चित्र. पानांचे घेर नेसलेले, मुखवटे चढवलेले पुरुष मोकळ्या जागेत नाचतात, घेर हलतात, आणि रीळ संपतं. नाच नाचणाऱ्याच्या अंगात असतो, त्याच्याबरोबर जातो. चित्र मात्र टिपणाऱ्याच्या पेटीत बसून सातासमुद्रापार येतं. मग या दोघांचं नातं नेमकं काय? ते स्नेहाचं म्हणावं, सौद्याचं म्हणावं, की लुटीचं? नाचाची छायाचित्रं काढणारे लोक नर्तकांशी जुळलेल्या ऋणानुबंधांविषयी नेहमी भरभरून बोलतात. त्या बोलण्यामागचा पेच या एका प्रकरणात जितका उघडा दिसतो, तितका क्वचितच कुठे दिसत असेल.

आधी घटनाक्रम पाहू. हॅडन मुळात प्राणिशास्त्रज्ञ. १८८८ साली ते टॉरेस सामुद्रधुनीत गेले ते प्रवाळांचा अभ्यास करायला. पण प्रवाळांपेक्षा माणसांनी त्यांना जास्त खिळवून ठेवलं. लंडन मिशनरी सोसायटीचे प्रचारक त्या बेटांवर १८७१ मध्ये उतरले होते. पुढच्या काळात मालो-बोमाईचा विधी बंद पडला, त्याचे कासवाच्या कवचाचे जुने मुखवटे नष्ट झाले. पहिल्या फेरीनंतर दहा वर्षांनी, १८९८ मध्ये, हॅडन सात जणांची मोहीम घेऊन परतले. त्यात रिव्हर्स होते, सेलिगमन होते, फोनोग्राफवर गाणी उतरवणारे मायर्स होते. हॅडननी जुन्या जाणत्यांना विनंती केली, की तो विधी एकदा करून दाखवा. मुखवटे नव्हते, म्हणून पुठ्ठ्याचे करण्यात आले. म्हणजे जो नाच मिशनने थांबवला होता, तो कॅमेऱ्याच्या आग्रहाने पुन्हा उभा राहिला. इथेच पूर्वपक्ष उठून उभा राहतो. त्याला बोलू द्यावं. आपल्याकडे पूर्वपक्ष पुरता मांडल्याशिवाय सिद्धांताला किंमत येत नाही.

पूर्वपक्ष म्हणतो, ‘‘अहो, हा नाचच मुळात खोटा. मुखवटे पुठ्ठ्याचे, निमित्त परक्याचं, वेळ कॅमेऱ्याच्या सोयीची. खोट्या नाचातून खरं नातं कुठून येणार?’’ हा आक्षेप ऐकायला चोख वाटतो, पण आपल्याच घरात तो टिकत नाही. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो, तेव्हा रात्री एकेक सोंग मुखवटा चढवून नाचवत आणतात. त्यातले कितीतरी मुखवटे कागदाच्या लगद्याचे असतात. तरी पाहणारे हात जोडतात. भाद्रपदात शाडूच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा होते, आणि तीच मूर्ती काही दिवसांनी पाण्यात विरघळते. देवपण द्रव्यात असतं असं आपण कधीच मानलेलं नाही. ते आवाहनात असतं. तेव्हा पुठ्ठा हा पुरावा होऊ शकत नाही. ‘कॅमेऱ्यासाठी केलं’ हाही होत नाही. सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली, ती चित्रणासाठीच जुळवून आणलेली होती. म्हणून मल्लांचे डाव खोटे ठरले का? अंगातली विद्या निमित्त विचारत नाही. मेरच्या पुरुषांची पावलं वर्षानुवर्षं बंद राहूनही पडली, कारण ती अंगात होती. प्रश्न नाच खरा की खोटा हा नाहीच. आवाहन कुणी केलं, आणि विसर्जनाचा हक्क कुणाच्या हाती राहिला, हे विचारायला हवं.

पूर्वपक्ष पवित्रा बदलतो. ‘‘ठीक. नाच खरा मानू. पण मागणारा साम्राज्याचा माणूस, नाचणारा त्या साम्राज्याची प्रजा. नाही म्हणायची सोय कुणाला होती? ज्याला नकार देता येत नाही त्याच्या होकाराला नातं म्हणायचं?’’ हा आक्षेप वजनदार आहे. तरी पुरावा एकरंगी नाही. दुसऱ्या खेपेला हॅडननी आधीच्या फेरीतली छायाचित्रं बरोबर नेली आणि दाखवली. मधल्या काळात गेलेली माणसं लोकांना त्यांत पुन्हा दिसली. टूटू आणि याम या बेटांचे प्रमुख मैनो हे हॅडनचे स्नेही. आपले वडील केबिसू यांचे लढाईतले अलंकार त्यांनी हॅडनना दिले, ते इंग्लंडातल्या मोठ्या संग्रहालयात पुष्कळ लोकांनी वडिलांच्या वस्तू पाहाव्यात या हेतूने. मायर्सच्या मेणाच्या सिलिंडरवर मालोची गाणी गाणाऱ्या गासू आणि उलाई यांच्या बाबतीतही एक साधा तर्क करता येतो. मिशनच्या सावलीत जे गाणं उघडपणे म्हणायची सोय राहिली नव्हती, ते टिकवायचा एक मार्ग या परक्या यंत्रातून जात होता, आणि तो त्यांनी वापरला असेल. त्यांना नुसते बिचारे ठरवणं हाही एक अपमानच. मात्र एवढ्याने आक्षेप मिटला असं मी म्हणणार नाही. दुबळा माणूसही हेतू बाळगतो, आणि हेतू बाळगला म्हणून तो सबळ होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. म्हणूनच कळ दाबल्याच्या क्षणाकडे बोट दाखवून या नात्याचा निवाडा करता येत नाही. त्या क्षणात होकार आणि दडपण एकमेकांत इतके मिसळलेले असतात की ते निवडता येत नाहीत.

मग निवाडा कशावर करायचा? माझं म्हणणं असं, की नाचाचं चित्र ही ठेव समजावी. आपल्या भाषेतला हा साधा व्यवहारातला शब्द आहे, आणि त्याचा न्याय सगळ्यांना ठाऊक आहे. विकत घेतलेली वस्तू घेणाऱ्याची होते. भेट दिलेली वस्तूही घेणाऱ्याची होते, फक्त वर थोडी कृतज्ञता राहते. चोरलेली वस्तू परत करणं एवढंच शिल्लक राहतं. ठेवीचं तसं नसतं. ती माझ्या घरात असते, तिला मी जपतो, तिच्यामुळे माझी पतही वाढते. पण ती माझी नसते. ज्याची आहे त्याने मागितली की पुढे करावी लागते, त्याला विचारल्याशिवाय वापरता येत नाही, आणि तो गेला तर वारसांना शोधावं लागतं. छायाचित्रकाराने श्रम केले, यंत्र वाहून नेलं, दमट हवेत अडकणाऱ्या फिल्मशी झगडला, हे सगळं खरं. ठेव सांभाळणाऱ्यालाही तिजोरी लागते. तिजोरीच्या खर्चाने ठेवीची मालकी बदलत नाही. हा न्याय लावला की छायाचित्र घेतानाच्या गोड आठवणींना पुरावा म्हणून फारशी किंमत उरत नाही. नंतरच्या वर्षांत काय घडलं, त्यावरून नातं कळतं.

मेरच्या बाबतीत नंतर जे घडलं, ते कुणी रचून सांगितलं तर अतिशयोक्ती वाटावी. मोहिमेचे अहवाल १९०१ ते १९३५ या काळात सहा खंडांत निघाले. मेर बेटावर १९३६ मध्ये जन्मलेले एडी कोइकी माबो टाउन्सव्हिलच्या विद्यापीठात माळीकाम करत. तिथल्या ग्रंथालयात आपल्याच बेटाबद्दलचे हे खंड त्यांच्या हाती आले. १९८२ मध्ये त्यांनी आणि इतर चौघांनी बेटाच्या जमिनीवरचा हक्क सिद्ध करण्यासाठी दावा दाखल केला. त्यात मालोच्या नियमांचा दाखला दिला गेला, तसे केंब्रिजचे अहवालही पुराव्यात आले. ३ जून १९९२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि इंग्रज येण्यापूर्वी ती भूमी कायद्याच्या दृष्टीने कुणाचीच नव्हती ही कल्पना मोडीत काढली. निकाल ऐकायला माबो हयात नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत ते गेले होते. मालोचे मुखवटे नाहीसे झाले होते, तरी मालोचा नियम न्यायालयात उभा राहिला.

‘‘पाहा,’’ पूर्वपक्ष आता हसतो, ‘‘म्हणजे हॅडनचं पुण्यच फळाला आलं. शेवट गोड झाला, मग सुरुवातीची चिकित्सा कशाला?’’ शेवट गोड झाला खरा, पण तो कुणी केला? केंब्रिजने अहवाल छापले, ग्रंथालयांत पोचू दिले, म्हणून ते सापडले. हे श्रेय मोकळेपणाने द्यावं. तरी ठेव परत करायला कुणी माळ्याच्या दारी गेलं नव्हतं. माळीच ठेवीपर्यंत पोचला. ज्या पेढीत ठेवीदाराला आपली ठेव योगायोगाने सापडते, तिला आपण प्रामाणिक पेढी म्हणणार नाही. शिवाय मालोचा नियम केवळ कागदांमुळे जिवंत राहिला असंही नाही. बेटावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तो सांगत, पाळत आली होती. कागद साक्षीदार होता, जन्मदाता नव्हता. १९९८ मध्ये मोहिमेच्या शताब्दीला केंब्रिजच्या संग्रहालयाने प्रदर्शन मांडलं, तेव्हा बेटांवरच्या लोकांशी विचारविनिमय केला. सांभाळणाऱ्याने स्वतः उचललेलं ते पाऊल ठेवीच्या न्यायाला धरून होतं. परिणामाच्या गोडव्याने कर्तव्याचं पुस्तक मिटत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

सगळ्यात अवघड आक्षेप पूर्वपक्षाने शेवटी ठेवला आहे. ‘‘तुमची ठेव ठेवणारा कोण? मालो-बोमाई हा दीक्षा घेतलेल्या पुरुषांचा विधी. ते मुखवटे बायकांनी, दीक्षा न घेतलेल्यांनी पाहायचे नसत. नाचणाऱ्यांनी कॅमेऱ्याला होकार दिला, पण तो देव त्यांच्या एकट्याचा होता का? आणि आज वारस कोण? नातवंडं? पुरोहितांची घराणी? पडद्यावर तो विधी पाहू इच्छिणारी बेटावरचीच मुलगी?’’ इथे माझ्याकडे तयार उत्तर नाही, आणि असल्याचा आव आणणं अप्रामाणिक ठरेल. पण ठेवीच्या न्यायात याचीही वाट आहे. वारसांत तंटा असला की पेढीवाला निवाडा करत नाही, आणि तंट्याचा फायदा घेऊन ठेव स्वतः खर्चही करत नाही. तो कुलूप जपतो, सगळ्यांना कळवतो, आणि त्यांचा निर्णय होईपर्यंत थांबतो. म्हणजे दाखवण्याच्या हक्काइतकाच न दाखवण्याचा हक्कही नर्तकाच्या बाजूचा आहे. छायाचित्रकाराला हे सगळ्यात जड जातं, कारण त्याचा सगळा धंदा दाखवण्याचा. त्याच्या स्नेहाची परीक्षा त्याने काढलेल्या उत्तम फोटोत होत नाही. एखादा उत्तम फोटो न दाखवण्यात होते.

याच केंब्रिजमध्ये उलट टोकाचं उदाहरणही आहे. दियागिलेव्हच्या रशियन बॅले मंडळीतल्या लिडिया लोपोकोव्हा यांनी १९२५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांच्याशी लग्न केलं. १९३६ मध्ये केन्सनी शहरात आर्ट्स थिएटर उभारलं. लिडियांचीही छायाचित्रं निघाली, पण दोघांचा पत्रव्यवहार किंग्ज कॉलेजच्या दप्तरात आहे आणि त्यात नर्तकी स्वतः बोलते. चित्राला तिच्या शब्दांचा शेजार आहे. तशीच गंमत आपल्या रँग्लर परांजप्यांची. हॅडन मेरला होते तेव्हा र. पु. परांजपे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गणित करत होते. १८९९ ला ते सीनियर रँग्लर झाले, आणि १९०१ मध्ये मायदेशी परतले तेव्हा त्यांचं स्वागत सावेदादांनी टिपलं. त्या चित्रणाची ओळखच परांजप्यांच्या नावाने आहे. मेरच्या फिल्मच्या तुकड्यांत नाचणाऱ्याचं नाव कुठेच उमटत नाही. ती ओळखली जाते हॅडनच्या नावाने. गासू आणि उलाई ही नावं मिळतात ती गाण्यांच्या नोंदींत, शोधावी लागतात. ठेवीच्या वहीत ठेवीदाराचं नाव नसेल तर ठेव बुडायला चोर लागत नाही.

म्हणून आज बोहाड्यात मोबाइल उंचावणाऱ्याला, तमाशाच्या कनातीत फडातल्या बायकांचे साज करतानाचे फोटो काढणाऱ्याला, या प्रकरणातून तीन साध्या गोष्टी सांगता येतात. नाव विचारून लिहून ठेवा, आणि ते चित्राबरोबरच जाऊ द्या. चित्र त्या घरी परत न्या. हॅडननी दहा वर्षांनी का होईना, नेलं होतं. आणि काय टिपायचं नाही, हे आधी विचारा. ‘इतकं सगळं विचारत बसलं तर क्षण निसटेल,’ असं पूर्वपक्ष शेवटचं बोलून पाहतो. निसटेलही. पण क्षण निसटणं हा नाचाचा धर्मच आहे. नाचणारा रोज ते नुकसान सोसतो. टिपणाऱ्याने अधूनमधून सोसलं, तर दोघं एका पातळीवर येतील, आणि मग त्यांच्यात जे असेल त्याला नातं म्हणायला माझी हरकत नाही.