नगराध्यक्षांचा नकार

परकी फौज गावात शिरली आहे. गावच्या बारा सैनिकांपैकी सहा ठार झाले आहेत. त्या फौजेचा कर्नल लान्सर भेटीला येणार, म्हणून नगराध्यक्ष ऑर्डन यांची पत्नी आतल्या खोलीत त्यांच्या कानांतले केस कापते आहे आणि त्यांना गुदगुल्या होताहेत. जॉन स्टाइनबेक यांच्या १९४२ सालच्या ‘द मून इज डाउन’ या कादंबरीतला नेता आपल्याला प्रथम कळतो तो असा.

लान्सरला कोळसा हवा आहे आणि खाण सुरळीत चालण्यासाठी गावाचे सहकार्य. ऑर्डन सांगतात, लोक काय करतील ते मला ठाऊक नाही. पहिल्या वाचनात हे उत्तर दुबळे वाटते. मला मात्र त्यांच्या पुढच्या वाढीचे बीज इथेच दिसते. लोकांचे मन परस्पर कुणाच्या हवाली करता येत नाही, एवढे या साध्या माणसाला पक्के कळलेले आहे.

मग अ‍ॅलेक्स मॉर्डन हा खाणकामगार संतापाच्या भरात एका कॅप्टनला कुदळीने मारतो. शिक्षा नगराध्यक्षांनी सुनवावी, असा लान्सरचा आग्रह आहे. गोळी घालायला त्याच्याकडे शिपाई भरपूर आहेत, अडते ते ऑर्डन यांच्या तोंडच्या शब्दावाचून. ऑर्डन विचारतात, आमची सहा माणसे मारणाऱ्यांना शिक्षा कोण देणार? ते नकार देतात. इथे त्यांना आपल्या पदाची खरी किंमत उमगते. जेत्याला खाण, रस्ते, कचेरी सगळे बळकावता येते. लोकांनी विश्वासाने दिलेला अधिकार तेवढा बळकावता येत नाही.

त्या काळच्या नॉर्वेत हेच घडत होते. एप्रिल १९४० मध्ये जर्मनांनी देश व्यापला. त्यांना सामील झालेल्या क्विसलिंगला सत्तेचे पद मिळाले, मान्यता कधीच मिळाली नाही. १९४२ मध्ये त्याच्या शिक्षकसंघात जायला हजारो शिक्षकांनी नकार दिला. हजाराहून अधिक जणांना अटक झाली, कित्येकांना उत्तरेला किर्केनेसच्या थंडीत कष्टाला जुंपले. तरीही ते बधले नाहीत. स्टाइनबेक यांची कादंबरी व्याप्त देशांत चोरून छापली आणि वाचली गेली, कारण वाचकांना तिच्यात आपलेच गाव दिसले.

नकारावर ऑर्डन थांबत नाहीत. इंग्लंडला निसटणाऱ्या दोघा भावांना ते रात्री गुपचूप भेटतात आणि सामान्य माणसाला लपवता येतील अशी छोटी स्फोटके तिकडून मागवायला सांगतात. हत्यार घरोघर पोचले की नेत्यावाचून लढा अडत नाही. अखेर ओलीस धरलेल्या ऑर्डनना लान्सर सांगतो, लोकांना आवरा, नाहीतर तुमचा जीव जाईल. ऑर्डन जाणतात की आता त्यांच्या ‘हो’ने किंवा ‘नाही’ने काहीच थांबणार नाही. माझ्या मते नेतृत्वाची परिपक्वता ती हीच. जो नेता आपल्यावाचून चालणार नाही असा समाज घडवतो, त्याच्या अटकेबरोबर त्याचा समाजही कैद होतो.

ऑर्डन निर्भय झालेले नाहीत. मरणाची भीती वाटते, सुटकेचे मार्ग मनात येऊन गेले, हे ते आपले जुने मित्र डॉक्टर विंटर यांच्यापाशी कबूल करतात. मग दोघे म्हातारे मित्र शाळेतल्या समारंभात म्हटलेले सॉक्रेटिसचे भाषण आठवू लागतात. तेव्हा ऑर्डन यांचा शर्ट मागून बाहेर आला होता, तेही आठवते. बाहेर स्फोट ऐकू येऊ लागतात. त्यांतला एकही त्यांच्या हुकमाने झालेला नाही, आणि म्हणूनच ते शांतपणे दाराकडे जाऊ शकतात.