ड्रॅगनचं डोकं, सापाचं शेपूट

'हेकिगानरोकु' हा चीनमध्ये बाराव्या शतकात सिद्ध झालेला आणि जपानच्या झेन मठांत आजही अभ्यासला जाणारा कथासंग्रह. त्यात एक प्रसंग आहे. गुरू विचारतात, "कुठून आलास?" भिक्षू उत्तर न देता मोठ्याने गर्जतो. गुरू म्हणतात, "एकदा गर्जलास माझ्यावर." भिक्षू पुन्हा गर्जतो. मग गुरू विचारतात, "तीन-चार गर्जना झाल्यावर पुढे काय?" आणि भिक्षूची वाचाच बसते. या कथेवरच्या टीकेत शंका येते, की डोकं ड्रॅगनचं आणि शेपूट सापाचं तर नाही ना? मूळ चिनीत हे 'ड्रॅगन, डोकं, साप, शेपूट' अशा चार अक्षरांत मावतं; जपानीत त्याच चार अक्षरांचा उच्चार 'र्यूतो-दाबी'. धडाक्यात सुरू होऊन रेंगाळत संपणाऱ्या कादंबरीला, मोहिमेला, कारकिर्दीला हा शब्द आजही लावतात.

मला मात्र या शब्दातला साप निर्दोष वाटतो. सापाच्या अंगाला त्याचं शेपूट शोभतंच. ते केविलवाणं दिसतं ते पुढे ड्रॅगनचं डोकं बसवल्यामुळे. शेवटाला नावं ठेवणारा हा शब्द खरं तर सुरुवातीकडे हिशेब मागतो.

असाच आणखी एक जपानी शब्द 'मिक्का-बोझू', म्हणजे तीन दिवसांचा भिक्षू. हाती घेतलेलं काम चौथ्या दिवशी टाकून देणारा माणूस. आपले नव्याचे नऊ दिवस त्यामानाने उदार! पण इथेही तीन दिवसांच्या मेहनतीत हसण्यासारखं काय आहे? हसू येतं ते आधी मुंडन करून मोकळं झाल्याचं.

'सेन्को-हानाबी'चं तसं नाही. ही एक जपानी फुलबाजी: कागदाच्या बारीक पिळात चिमूटभर दारू, टोक खाली धरून पेटवायची. सुरुवातीला चमकून लगेच विझणाऱ्या माणसालाही हेच नाव देतात, आणि ते मला अन्यायाचं वाटतं. कारण या फुलबाजीच्या ओसरण्यालाही जपानी माणसांनी नावं दिली आहेत. लालबुंद थेंब धरतो ती 'पिओनी', ठिणग्या फुटतात त्या 'पाइनच्या सुया', त्या लांबून खाली झुकल्या की 'विलो'. उन्हाळ्याच्या रात्री अंगणात उकिडवी बसलेली मुलं हात हलू न देता, श्वास धरून, चौथ्या अवस्थेची वाट पाहतात. तिचं नाव 'चिरिगिकु'. गळणारी शेवंती.